खिळ्यावरचा लोटा

पंचफुलानं खिळ्यावरचा लोटा काढला, तोंडाशी नेला, आणि तेवढ्यात मनगटावर असा फटका बसला की लोटा उडून थेट सहा नंबरच्या खाटेखाली गेला. पाणी फरशीभर झालं. हातातल्या दोन बांगड्या फुटल्या आणि एकीची काच मनगटात रुतली.

"माझ्या लोट्याले तोंड लावू नको," भागीरथाबाई म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता, चिरकला होता.

दुपारचे अडीच वाजले होते. बायकांच्या वॉर्डात अठरा खाटा, अठरा जणी, आणि बाहेर नागपूरचं चैत्राचं ऊन. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारून नुकत्या कुठं सगळ्या झोपल्या होत्या. लोट्याच्या आवाजानं साऱ्या उठल्या. क्षयाच्या दवाखान्यात माणसाला जाग आली की आधी खोकला येतो. एकीनं सुरुवात केली, मग वॉर्डभर तेच.

"काहून?" पंचफुला म्हणाली. "माझ्या तोंडानं बाटते का तुमचा लोटा?"

तोंडावरची चौपदरी पट्टी नाकावर ओढून भागीरथाबाई खाली वाकली आणि खाटेखाली हात घालून लोटा शोधू लागली. पन्नाशीला टेकलेली, उमरेडकडची कोष्ट्याची बाई. दवाखान्यात नऊ वर्षं आया म्हणून काम करत होती, आणि नऊ वर्षं टेम्परवारीच होती. लोट्याच्या गळ्याला तिनं मागावरचं लाल सूत पिळून बांधलं होतं, टांगायला.

सहा नंबरची जिजाबाई उठून बसली होती. तिच्या नवऱ्याचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही भांडणात तिचं लक्ष आधी भांड्याकडे जायचं.

"पोचा पडला," ती म्हणाली. मग भागीरथाबाईकडे बघून तिनं मान हलवली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही बाई."

भागीरथाबाई यावरही गप्प. ती गप्प बसली याचा जो अर्थ पंचफुलानं लावला, तोच वॉर्डातल्या अठरा जणींनी लावला.

आवाज ऐकून सिस्टर आल्या. अरुंधती सिस्टर चाळिशीच्या, उंच, बोलायला मोजक्या. वॉर्डात त्या धावत आल्या असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. आजही चालतच आल्या, पण त्यांनी आधी पंचफुलाचं मनगट पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मले तहान लागली होती," पंचफुला म्हणाली. "माठ रिकामा होता. म्हणून मी यांचा लोटा घेतला."

माठ रिकामा नव्हता. सकाळी तिनंच दोन खेपा घालून तो काठोकाठ भरला होता. पण सहा महिने मनात शिजत होतं ते आज उतू गेलं, आणि उतू जाताना माणूस माठात डोकावून बघत नाही.

"भागीरथाबाई, तुम्ही हिला मारलंत?"

"हो."

"तुमच्या लोट्याला हात लावला म्हणून?"

"हो."

"शिवाशिवीला आता कायदा आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"असन," भागीरथाबाई म्हणाली आणि लोटा पदराखाली घेतला.

सिस्टरांचे ओठ आवळले गेले. "उद्या सकाळी दहाला दोघी माझ्या खोलीत या. हे तोंडी मिटवायचं प्रकरण नाही. डॉक्टरसाहेबांकडे लेखी जाईल."

पंचफुलाच्या मनगटातून रक्ताचा एक ओघळ कोपरापर्यंत गेला होता. तिला दुखत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी दुसऱ्यानं ते पाहिलं होतं.

ती इथं लागली दिवाळीनंतर. त्याच दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून ती लाखो लोकांत उभी राहिली होती, सासूचा हात धरून. दीक्षा घेऊन घरी आल्यावर सासूनं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आली. येताना म्हणाली, "आजपासून कोणापुढं मान खाली घालाची नाही, लक्षात ठेव." पंचफुलानं लक्षात ठेवलं. चौथी पास होती ती. दवाखान्यात आया पाहिजे असं कळल्यावर अर्ज तिनं स्वतः लिहिला.

पहिल्या दिवशी तिनं माठ भरला, पेला विसळला, आणि मोठी म्हणून आधी भागीरथाबाईपुढे धरला.

"मले नको. माझा लोटा आहे."

एवढंच. पण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे ऐकलं आहे त्यांना एवढंच पुरतं. पंचफुलाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा, आणि मग ती पाल तिथंच राहायला आली. लोटा भागीरथाबाई अंगणातल्या नळावर स्वतः भरायची, पंचफुलानं भरलेल्या माठाला ती कधी शिवली नाही. भाकर खायला ती व्हरांड्याच्या पार शेवटच्या खांबाशी जायची, वॉर्डाकडे पाठ करून. पट्टी कामापुरती बांधायची असते, बाकीच्या बाया तर कामातही ती हनुवटीवर ओढून ठेवायच्या. हिची पट्टी मात्र दोघी समोरासमोर बोलत असल्या तरी सुटायची नाही. माझा श्वाससुद्धा हिला लागू नये, असं पंचफुला समजली.

आणि हात धुणं. मोरीजवळच्या भिंतीवर सिस्टरांनी आयांसाठी बारा नियम लिहून लावले होते. भागीरथाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ते नव्या आयेनं जुनीला वाचून दाखवले होते, आली त्याच आठवड्यात. चौथा नियम होता: पेशंटचा थुंकीचा डबा, पेला, चादर, काहीही हाताळलं की कोपरापर्यंत साबण, दोनदा. भागीरथाबाई हात धुवायची ते एखाद्या पूजेसारखं. पण पेशंटच्या पेल्याला शिवल्यावर तर ती धुवायचीच, पंचफुलाच्या हातातलं काही घेण्याआधीही धुवायची. हे नियमात कुठं होतं? पंचफुलानं नियम पुन्हा वाचले. नव्हतं.

माघात एकदा सासूला ताप आला, तेव्हा पंचफुला आपल्या एका वर्षाच्या लेकीला, चंद्रकलेला, कामावर घेऊन आली होती. पोरीला व्हरांड्यात गोधडीवर बसवलं आणि ती चादरी बदलायला आत गेली. पोर रांगत रांगत खांबाशी बसलेल्या भागीरथाबाईकडे निघाली. पंचफुला बाहेर आली तेव्हा भागीरथाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती, पदर तोंडावर, आणि पोर तिच्या पायाशी हात वर करून हसत होती.

"उचल हिले," भागीरथाबाई म्हणाली. "उचल म्हणतो ना."

पंचफुलानं पोर उचलली. त्या दिवशी घरी जाताना ती सगळी वाट रडली. आपल्याला कोणी काही म्हणो, पण वर्षाच्या लेकराचा विटाळ? त्या दिवसापासून तिनं भागीरथाबाईला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

म्हणून आज दुपारी लोटा पडला, सिस्टर बोलून गेल्या, तरी पंचफुलाचं समाधान झालं नाही. तिला पुरावा हवा होता. उद्या भागीरथाबाई म्हणेल, लोटा नवऱ्याची आठवण होता, म्हणून हात लावू दिला नाही. म्हणेल, माझा आपला तापट स्वभाव. सिस्टर भल्या आहेत, पण त्यांच्याच लोकांत वाढलेल्या, विरघळतील. आता ही बाई लोटा शुद्ध करणार, हे तर उघड होतं. राखेनं घासणार, चिंच लावणार, वरून गोमूत्र शिंपडणार. ते आपण डोळ्यांनी पाहायचं आणि उद्या सिस्टरांच्या टेबलापुढं सांगायचं.

वॉर्डाच्या मागं पत्र्याचं एक शेड होतं. तिथं मोठ्या चुलीवर तांब्याचा हंडा चढवलेला असे. पेशंटांचे थुंकीचे डबे आधी फिनेलच्या पाण्यात रिकामे करायचे आणि मग वीस मिनिटं हंड्यात उकळायचे, असा सहावा नियम होता. साऱ्या दवाखान्यात याच्याइतकं ओंगळ काम नव्हतं, आणि ते भागीरथाबाई आपणहून घ्यायची. पंचफुलाला याचं पूर्वी नवल वाटे. मग तिनं त्याचाही अर्थ लावून टाकला होता, की एकटं बसायला मिळतं म्हणून.

चार वाजता भागीरथाबाई डब्यांची टोपली घेऊन शेडात गेली. पंचफुला कोळशाच्या ढिगामागे उभी राहिली.

भागीरथाबाईनं हंड्याचं झाकण काढलं. वाफ वर आली. चिमट्यानं एकेक डबा तिनं आत सोडला, अठरा डबे. मग पदराखालून लोटा काढला, लाल सूत सोडून बाजूला ठेवलं, आणि चिमट्यात धरून तोही त्याच हंड्यात सोडला.

पंचफुलाला आधी वाटलं, हातातून निसटला. पण भागीरथाबाईनं झाकण ठेवलं, शेडातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि ती विटेवर बसली.

विटाळ पाळणारी बाई आपला पिण्याचा लोटा अठरा जणींच्या थुंकीच्या डब्यांत घालत नाही. दुनिया इकडची तिकडे झाली तरी घालत नाही. पंचफुलाला विटाळाबद्दल काय काय शिकावं लागलं होतं, ते तिला विचारा. हे तर लहान पोराला कळलं असतं.

भागीरथाबाईला खोकला आला. ती तोंडाशी पट्टी दाबून वाकली, वाकतच गेली, आणि कनवटीतून झाकणाची एक लहान डबी काढून तीत थुंकली. झाकण घट्ट लावलं. मग उठून चौथ्या नियमाप्रमाणे हात धुवायला लागली.

संक्रांतीच्या सुमारास ती एकदा म्हणाली होती, "त्या कागदावरचा अकरावा पुन्हा वाच वं." पंचफुलानं वाचला होता: पंधरा दिवसांवर खोकला राहिल्यास सिस्टरांना तात्काळ कळवणे. "बरं," म्हणाली होती. वाचता न येणाऱ्या बाईला अकरावाच कसा काय आठवला, हा संशय पंचफुलाला तेव्हा आला नाही. साऱ्या संशयांतला तेवढा एकच खरा होता, असं तिला आता वाटलं.

"भागीरथाबाई."

ती दचकली नाही. नळ बंद करून तिनं मागं पाहिलं.

"पाहून घेतलं?"

"लोटा त्यात काहून टाकला?"

"तुले समजलं आहे. उगा काहून विचारतं?"

"किती दिवसांपासून?"

"संक्रांतीपासून." ती परत विटेवर बसली. "तिकडंच उभी ऱ्हाय. हवा इकडून तिकडं वाहून राहिली, त्या बाजूनं ये."

पंचफुला बाजू बदलून उभी राहिली. मनगट आता ठणकायला लागलं होतं. अडीच वाजता ते पाणी तिच्या ओठांपासून चार बोटांवर होतं.

"सिस्टरले सांगाचं होतं तुमी."

"देवकीनं सांगतलं होतं." भागीरथाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "तू लागाच्या आधीची गोष्ट. तुह्याच जागेवर होती ती. इथंच खोकला लागला, इथल्याच डब्यांनी. इमानदारीनं जाऊन सांगतलं. फोटो काढला, छातीवर डाग निघाला. आठ दिवसांचा पगार हातात दिला अन् फाटक दाखवलं. टेम्परवारी होती ना. खाट मांगतली तर खाट खाली नव्हती. बारा नियम आहेत कागदावर. तेरावा कोणी लिहिला नाही, का सांगतल्यावर आमी कुठं जाचं."

"घरी कोण आहे?"

"शामला. सतरा वर्षांची झाली. तिचा बाप गेला तवा माग विकला, आता हेच आहे. मी बाहेर ओट्यावर झोपतो. तिले सांगतलं, घरात उकडते. तिच्या हातचं पाणी बी घेत नाही मी. ती म्हणते, माय म्हातारपणी देवधर्माले लागली." ती थोडी हसली आणि हसण्यानं पुन्हा खोकला आला. तो थांबेपर्यंत पंचफुला उभी राहिली.

"उद्या तू शिवाशिवीचंच सांग," भागीरथाबाई म्हणाली. "मी हो म्हणन. रागावतीन, लिहून घेतीन, दंड करतीन. पण ठेवतीन. शिवाशिवीसाठी कोणाले काढलेलं मी आजवर पाहिलं नाही."

"अन् माझं काय?"

"तुले काय होते?"

"अठरा बाया म्हणतीन, पंचफुलाचं पाणी चालत नाही, बाईनं सिस्टरसमोर कबूल केलं. ते मी रोज ऐकून घ्याचं? माठ भरताना, पेला देताना?"

भागीरथाबाई तिच्याकडे बघत राहिली. तिनं सगळ्याचा विचार केला होता, हवेचा, ओट्याचा, लोट्याचा. याचा केला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

हंडा उकळत होता. वीस मिनिटं झाली तेव्हा तिनं चिमट्यानं लोटा आधी काढला आणि उन्हात पालथा घातला.

घरी जाताना पंचफुलाला कोणाचाच राग धरता येईना, आणि राग धरता येत नाही याचाच राग येत होता. सांगावं तर हिचं देवकीसारखं होणार. न सांगावं तर आपण खालच्या ठरणार, आणि ही ओट्यावर झोपून किती दिवस काढणार? पोर एका भिंतीपलीकडं. वॉर्डात आपण. आपली चंद्रकला. रेल्वेच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत उभं राहावं लागलं, तेव्हा तिच्या मनात एकदम महिने उभे राहिले. खोकला संक्रांतीचा. मी लागली दिवाळीनंतर. लोटा तर पहिल्या दिवसापासून होता.

गाडी गेली. ती तरी थोडा वेळ तिथंच उभी होती.

सकाळी दहाला सिस्टरांच्या टेबलावर कागद तयार होता. वळणदार अक्षरात त्यांनी सगळं लिहिलं होतं, तारखेनिशी: कामगार पंचफुला हिने पाण्याच्या लोट्यास स्पर्श केल्यावरून. खाली दोन रेघा, एक सहीसाठी, एक अंगठ्यासाठी. भागीरथाबाई दाराशी उभी होती, शक्य तितकी लांब. लोटा तिच्या हातात होता, सिस्टरांनीच आणायला सांगितला होता.

"भागीरथाबाई, तुम्ही शिवाशिव पाळता, म्हणून हिला मारलंत. बरोबर?"

"हो. पाळतो."

"शरम वाटत नाही?"

"वाटते," भागीरथाबाई म्हणाली. ते खोटं बोलणाऱ्या माणसाचं उत्तर नव्हतं, आणि पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं.

"पंचफुला, वाच आणि सही कर."

तिनं कागद वाचला. एकही चूक नव्हती. टाक दौतीत बुडवला. समोर मोरीजवळ लावलेल्या त्याच बारा नियमांची दुसरी प्रत भिंतीवर होती, खाली सिस्टरांची सही. पंचफुलानं टाक परत ठेवला.

"सिस्टर, हा लोटा रोज थुंकीच्या डब्यांसंगं उकळते."

"म्हणजे?"

"हंड्यात. वीस मिनिटं. मी काल पाहिलं."

सिस्टर हातातला चष्मा पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. शुश्रूषेत वीस वर्षं गेलेल्या बाईला यापुढं काही सांगावं लागत नाही. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं, तिच्या पट्टीकडे, गळ्याच्या वर आलेल्या हाडांकडे. ती हाडं रोज त्यांच्यासमोर फिरत होती.

"तू मले मारलं वं," भागीरथाबाई हळू म्हणाली.

पंचफुलाला रडू येत होतं आणि ते सिस्टरांपुढे यायला नको होतं.

सिस्टर उठल्या. कपाटातून एक लांबट वही काढून त्यांनी उघडली. कर्मचाऱ्यांच्या छातीच्या फोटोंची वही होती ती. बारावा नियम: दर सहा महिन्यांनी. शेवटची नोंद पावणेदोन वर्षांपूर्वीची होती, खाली शेरा, यंत्र पेशंटांना पुरत नसल्याने तूर्त स्थगित, आणि शेऱ्याखाली त्यांचीच सही. दुसरं पान देवकीचं होतं. त्यावरही तीच सही.

"देवकीच्या वेळी मी म्हटलं, नियम आहे," सिस्टर म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि नवा कागद घेतला. "आज फोटो निघेल. हिचा, तुझा, माझा, सगळ्यांचा. शामला नाव ना पोरीचं? तिलाही आणा. भागीरथाबाई, बसा. बसा म्हणते ना, खुर्चीवर."

भागीरथाबाई बसली. लोटा तिनं मांडीवर ठेवला.

सिस्टर डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आवाज बाहेर येत होता, आणि तो सिस्टरांचा होता. असं आजवर झालं नव्हतं.

शामलाचा फोटो स्वच्छ निघाला. पंचफुलाचाही. भागीरथाबाईच्या उजव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला डाग होता. अकरा नंबरची बाई बरी होऊन रामटेकला आपल्या घरी गेली, तेव्हा ती खाट दुसऱ्या कुणाला मिळायच्या आत सिस्टरांनी तिच्यावर भागीरथाबाईचं नाव लावलं. नाव काढून टाकायचं नाही, रजेवर दाखवायचं, असं डॉक्टरसाहेबांकडून लिहूनही घेतलं. पगाराचं काय, हे अजून कोणी सांगत नव्हतं. इंजेक्शनं मात्र सुरू झाली.

दोन आठवडे वॉर्डात फिरून पंचफुलानं अकरा नंबरला औषध दिलं, चादर बदलली, डबा उचलला. पाणी दिलं नाही. पाणी शामला सकाळी येऊन लोट्यात भरून ठेवायची, आणि पंचफुला तिकडे बघायची नाही. जिजाबाईला सगळं कळलं होतं. ती आता ज्याला त्याला सांगायची की मला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं, पोच्याकडे बघूनच मी ओळखलं.

एका दुपारी शामला आली नव्हती. लोटा रिकामा होता. भागीरथाबाईला सुईनं अंगावर काटा आला होता, ओठ सुकले होते. तिनं काही मागितलं नाही. पंचफुलानं माठातून पेला भरला आणि अकरा नंबरशी येऊन उभी राहिली. पेला पुढं केला नाही.

"एक विचारू?"

"विचार."

"खोकला संक्रांतीपासून. मी लागली दिवाळीनंतर. पहिल्याच दिवशी तुमी माझं पाणी घेतलं नाही. ते दोन महिने काय होतं?"

वाळ्याच्या ताटीतून गार वारा येत होता. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. भागीरथाबाईनं पट्टी नीट केली, मग सोडली. तिनं डोळे वळवले नाहीत.

"ते शिवाशिवच होतं वं," ती म्हणाली. "ते खरंच होतं. खोकला मंग आला, अन् मंग तेच कामी आलं."

पंचफुला पेला धरून उभी होती. तिला वाटलं होतं, ही काहीतरी सांगेल, की तेव्हाही अंगात कसर होती, की आठवत नाही. तिनं तसं सांगितलं असतं तर पंचफुलानं ते मानलं असतं, आणि जन्मभर मनात ठेवलं असतं. आता काय ठेवायचं?

"दे," भागीरथाबाई म्हणाली आणि हात पुढं केला.

तिनं पेला घेतला आणि पाणी प्याली. सगळं प्याली. सहा नंबरवरून जिजाबाई मान उंच करून बघत होती, आणि ती बघते आहे हे भागीरथाबाईला दिसत होतं. पेला रिकामा करून तिनं परत दिला.

पंचफुला मोरीशी गेली. पेला फिनेलच्या बादलीत टाकला आणि नळाशी उभी राहिली. नळ अकरा नंबरच्या अगदी समोर होता. आज हात न धुता पुढं जावं, असं तिला एक क्षण फार वाटलं. कोणाला कळलं नसतं. धुतले तर समोरची बाई ते पाहणार होती, आणि त्या पाहण्यात काय असतं ते पंचफुलाइतकं कोणाला माहीत होतं?

घरी चंद्रकला होती. तिनं साबण घेतला.

भागीरथाबाई भिंतीकडे वळली नाही. उशीला टेकून ती पाहत राहिली.

"नियम आहे," पंचफुला पाठमोरीच म्हणाली.

"माहीत आहे," भागीरथाबाई म्हणाली. "नीट धू. कोपरापर्यंत."

मनगटावर काच रुतली होती तिथं कातडी अजून कोवळी होती, साबण झोंबला. पंचफुलानं हात पाण्याखाली धरले, आणि मग दुसऱ्यांदा साबण लावला.